डावा कडा

"मास्तर, साठ वर्षांत हे एकाच्याही लक्षात कसं आलं नाही?"

धर्माळे मास्तर बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशी तोंडाला लावली, एक फुरका मारला आणि मग वर पाहिलं.

"कोणतं?"

"हा फोटो उलटा छापलाय."

केतकीने मासिकाचा जुना अंक त्यांच्यापुढे सरकवला. फोटोवर बोट ठेवायची गरज नव्हती, तरी ठेवलं.

'सातपुडा सचित्र' या चित्रमासिकाचा तो पहिला अंक. मुखपृष्ठावर धारखोऱ्याची दरी, पलीकडे उंचावरून पडणारी धार आणि अलीकडे कड्यावर एकटी, पाठमोरी उभी असलेली बाई, तिच्या उजव्या बाजूला एक उंबराचं झाड. फोटोखाली एवढंच छापलेलं : 'या. बसा. पाहा.'

वऱ्हाडात हा फोटो न पाहिलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. केशकर्तनालयात आरशाशेजारी तो असे, यष्टी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये असे, आणि कित्येक घरांत तर देवांच्या तसबिरींच्या रांगेत जाऊन बसला होता. त्याआधी धारखोऱ्याला जायचे ते लाकडाचे ठेकेदार आणि जंगलखात्याचे साहेब. या मासिकाने उन्हात भाजून निघणाऱ्या कापसाच्या मुलखाला सांगितलं की बाबांनो, वर गारवा आहे, जा की. लग्न नाही, मयत नाही, नवस नाही, तरीही माणूस बायकापोरांसह घराबाहेर पडू शकतो, हे वऱ्हाड त्या फोटोंतून शिकलं. आणि ते सगळे फोटो परतवाड्याच्या या चित्रकला शिक्षकाने, शाळेच्या सुट्ट्यांत, स्वतः डोंगर चढून काढलेले.

केतकी तिडके अकोल्याची. पुण्याहून कलेचं शिक्षण घेऊन आली होती. एका प्रकाशकाला या फोटोंचं मोठं पुस्तक काढायचं होतं, जुनी चित्रं आणि सोबत तिथे कसं जायचं याची माहिती. ते काम तिच्याकडे होतं. सहा महिने ती मास्तरांच्या ओसरीवर बसून निगेटिव्ह पुसत होती, स्कॅन करत होती, मास्तर सांगतील ते लिहून घेत होती. पोरगी हुशार होती, यात वाद नाही. फक्त ते तिलाही माहीत होतं.

मास्तरांच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. मासिकात कधीच न छापलेल्या निगेटिव्ह तिच्यात आहेत, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पेटीची किल्ली मास्तरांच्या करदोड्याला. पहिल्याच दिवशी केतकीने किल्ली मागितली होती.

तेव्हा मास्तर म्हणाले होते, "ज्या दिवशी चूक सापडंल, त्या दिवशी किल्ली तुही."

झालं. तेव्हापासून केतकी हात धुऊन मास्तरांच्या मागे लागली.

पण चूक शोधायला बसायची आणि फोटोच पाहत राहायची. तळ्यातली नाव, नावेत धोतर नेसलेला शेतकरी, दोन्ही वहाणा छातीशी घट्ट धरून बसलेला. बुडालो तरी चालेल, वहाणा भिजता कामा नयेत. झाडाला सदरा टांगून छत्रीच्या सावलीत घोरणारा हेडमास्तर. घाटाच्या वळणावर यष्टीतून उतरून ओकणाऱ्या पाच जावा आणि त्यांना पाहून हसणारी सहावी. 'इकडे बघा' असं मास्तरांनी कोणालाही म्हटलेलं दिसत नव्हतं. आपल्याला असा एक फोटो जरी जमला तरी जन्माचं सार्थक होईल, असं केतकीला वाटायचं. मग तिला स्वतःचाच राग यायचा आणि ती पुन्हा भिंग डोळ्याला लावायची.

काल ते भिंग या बाईच्या खांद्यावर थांबलं.

"पदर बघा मास्तर. उजव्या खांद्यावर आहे. नऊवारी नेसलेली आपल्याकडची बाई पदर उजव्या खांद्यावर घेईल का? मी निगेटिव्ह काढून पाहिली. तिच्यात डाव्याच खांद्यावर आहे. छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, बनवणाऱ्याने निगेटिव्ह उलटी लावली आणि फोटो आरशातल्यासारखा छापला गेला. पुढच्या प्रत्येक अंकात तोच ब्लॉक वापरला. म्हणजे साठ वर्षं सगळं वऱ्हाड चुकीचा फोटो भिंतीला लावून बसलंय."

मास्तरांनी बशी उपडी घातली.

"हुशार हायेस."

"मग किल्ली?"

"सरळ करून पाह्यला काय?" मास्तरांनी विचारलं.

केतकी याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने पिशवीतून मोठा प्रिंट काढला. झाड आता बाईच्या डावीकडे होतं, दरी उजवीकडे उघडत होती आणि पदर जागच्या जागी. खाली ओळ टाइप केलेली. ती तिने मोठ्याने वाचली. "साठ वर्षे उलटा छापला गेलेला फोटो प्रथमच सरळ. धारखोऱ्याच्या प्रसिद्ध डाव्या कड्यावरून दिसणारी दरी. शोध : केतकी तिडके."

"पुस्तकात पहिल्या पानावर हा जाणार. सोमवारी पानं छपाईला द्यायचीत."

"डाव्या कड्यावरून," मास्तर म्हणाले.

"हो. लोक तिथूनच तर बघतात."

"उद्या जाऊ मंग. हा फोटो घे संग."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळीपिवळी जीपमध्ये मास्तर पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, डोक्यावर पांढरी टोपी. घाट सुरू झाला तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ड्रायव्हरने विचारलं, "गरम होऊन राह्यलं काय मास्तर?" मास्तर म्हणाले, "नाही गा. कोणाच्या घरी चाललो तं टोपी काढा लागते."

कोजागरी नुकतीच झाली होती. डोंगर अजून हिरवे होते आणि धारेला पाणी होतं. वरच्या पठारावर कणसं भाजणारे, दुर्बीणवाले, रंगीत चष्मेवाले यांची झुंबड. मधोमध जुना उंबर, त्याला बांधलेली पाटी आणि पाटीवर बाण : 'डावा कडा'. फरसबंद वाट उंबराच्या डावीकडून निघाली होती. दोन्ही बाजूंना कठडे. सगळे लोक त्याच वाटेने चालले होते.

केतकीही वळली. ही वाट तिला लहानपणापासून पाठ. तिच्या आईबाबांचा लग्नानंतरचा फोटो याच कड्यावरचा, अकोल्याच्या घरात दारासमोर लावलेला.

"तिकडे कुठी चालली?" मास्तर मागून म्हणाले.

"कड्यावर."

"फोटो काढ. पाह्य. ती बाई उभी हाये तिथं जाऊन उभी राह्य. मंग मी किल्ली देतो."

केतकीने प्रिंट काढला आणि डोळ्यांसमोर धरला. झाड डावीकडे... म्हणजे आपण झाडाच्या उजवीकडे हवं. तिने समोर पाहिलं, पुन्हा फोटोत पाहिलं. उंबराच्या उजवीकडे वाट नव्हती. घाणेरीची झुडपं होती आणि कमरेएवढं गवत.

तिला थोडं चमत्कारिक वाटलं. पण निगेटिव्ह खोटं बोलत नाही, ती सरळ लावली की जग सरळ दिसतं, हे तिने पुस्तकांत वाचलेलं होतं. ती झुडपांत शिरली.

मागे मास्तरांची काठी वाजत होती.

उंबराचं खोड फोटोत जिथे होतं तिथे आलं. पलीकडच्या डोंगरातली खाच जागेवर बसली. केतकीला हर्ष झाला. साठ वर्षांपूर्वी एक माणूस नेमका इथे उभा राहिला आणि आज आपण त्याच्या डोळ्याने पाहतोय. धार फोटोत होती त्यापेक्षा किंचित अलीकडे होती. अजून दोन पावलं पुढे गेलं की ती बरोबर बसेल. एक पाऊल टाकलं. दुसऱ्यासाठी पाय उचलला, नजर फोटोवर...

तिचा डावा हात कोणीतरी मागून गच्च धरला आणि ओढला.

केतकी गवतात मागे पडली. प्रिंट हातातून सुटला, गवताच्या शेंड्यांवरून सरकला आणि नाहीसा झाला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

"अगं माय!"

पुण्याची सगळी मराठी एका क्षणात गळाली. तिने गवत बाजूला केलं. गवताच्या पुढे जमीन नव्हती. खाली, खूप खाली दगड होते. समोरच्या मोकळ्या हवेतून एक घार चालली होती, अगदी तिच्या पायांच्या उंचीवरून.

"मास्तर... इथं तं काहीच नाही!"

"नाही ना." मास्तरांना धाप लागली होती. हात त्यांनी अजून सोडला नव्हता. सबंध वाट ते तिच्या मागे हातभर अंतरावर चालले होते, हे तिला आत्ता कळलं.

"चौदा वर्षं झाले. एका पावसायात सारं टोक ढासळलं."

"मग फोटोतली बाई जिथे उभी आहे..."

मास्तरांनी काठी उचलून समोर धरली. घार गेली होती तिकडे.

"तिथं. गिरजा उभी होती तिथं. माही बायको."

केतकीने सहा महिने त्या बाईचा पदर पाहिला, बाई कोण हे एकदाही विचारलं नव्हतं. तिला फार लाज वाटली.

दोघं उंबराखाली येऊन बसले. मास्तरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"अंक छापून आला तवा गिरजा चुलीपाशी होती. म्या मोठ्या रुबाबात पुढं धरला. तिनं पाह्यलं अन् म्हणे, 'पदर इकडून? मले मारवाड्याची शेठाणी केलं काय तुमी?' अन् जे हासत सुटली बाप्पा! तव्यावरची भाकर उलटायच्या आत तिनं सांगतलं, फोटो उलटा हाये."

सहा महिने आणि एक भाकर. केतकीने मनातल्या मनात हिशेब केला आणि मान खाली घातली.

"मग तुम्ही दुरुस्ती का छापली नाही?"

"छापणारच होतो. त्या ब्लॉकवाल्याच्या नावानं दोन दिवस शिव्या देल्या. मंग रविवारी इथं आलो. म्हटलं, लोकं फोटो पाहून येतीन, चुकतीन, त्याईची माफी मागतो अन् बरोबर जागा दाखवतो. गिरजा संग होती. अन् पाहतो तं काय..."

मास्तर पाटीवरच्या बाणाकडे पाहत राहिले.

"काय, मास्तर?"

"लोकं अंक हातात धरून चाललेत. फोटोत झाड उजवीकडे, म्हणून हे झाडाच्या डावीकडून घुसले. काटे तुडवत, लेकरं खांद्यावर. वाट नाही, काही नाही. मी मागून बोंबलतो, अहो चुकलं, चुकलं, इकडून या! कोण आयकते? मी धावत गेलो. तं अंजनगावचा एक किराणावाला, त्याची बायको, सहा लेकरं, एका खडकावर दशम्या सोडून बसलेले. अन् समोर धार. सारी. वरून खालपर्यंत, पार कुंडात पडते तिथपर्यंत."

"म्हणजे?"

"म्या उजवीकडून काढलेल्या फोटोत धार अर्धीच हाये, पोरी. खालची अर्धी कड्याआड जाते. तुह्या ध्यानात नाही आलं?"

नव्हतं आलं. पदर आला होता.

"मी सारा सातपुडा पालथा घातला होता. मले वाटे, मी दाखवीन तं लोकं पाहतीन. तो खडक मले दिसला नव्हता. मी तोंड वासून उभा. अन् गिरजा खाली बसली त्या बाईपाशी, दशमी तोडून घेतली अन् मले म्हणे, 'उभे काऊन? तुमीच तं लिहिलं ना... या, बसा, पाहा.'"

कणीसवाल्याने निखाऱ्यांना वारा घातला. मास्तर हसत होते आणि डोळे पुसत होते.

"चाल," ते म्हणाले.

या वेळी दोघं पाटीच्या बाणाने गेले. फरसबंद वाट संपली आणि खडक आला. डावा कडा. केतकीने पुस्तकात लिहिलं होतं, 'वाटेच्या डाव्या हाताला असल्याने हे नाव पडले.' ते वाक्य आठवून तिचे कान तापले. पुढे धार होती, वरपासून कुंडापर्यंत अख्खी. ती लहानपणापासून अनेकदा इथे आली होती, पण चुकलेल्या लोकांनी शोधलेली जागा म्हणून आज पहिल्यांदा पाहत होती. आईबाबा ज्या दगडावर बसले होते तो दगड तिने ओळखला. त्यावर आता दुसरंच एक नवं जोडपं बसलं होतं आणि हात लांब करून मोबाईलवर आपलाच फोटो काढत होतं.

नवरीने मोबाईल पाहिला आणि ओरडली, "अहो, माहा पदर पाहा! उजव्या खांद्यावर कसा गेला?"

"मोबाईलात तसंच येते," नवरा म्हणाला. "चेहरा चांगला आला ना? मंग!"

मास्तरांना हसू आवरेना. त्यांना ठसकाच लागला.

नवरीने केतकीकडे मोबाईल पुढे केला. "ताई, तुम्ही काढता का एक?"

केतकीने जन्मात असला फोटो काढला नव्हता. कड्यावर बसलेल्या जोडप्यांचे फोटो काढण्यासाठी ती पुण्याला शिकली नव्हती. पण तिने मोबाईल घेतला. जरा मागे सरकली, वाकली, थांबली. दोघं तिच्याकडे बघायचं विसरून एकमेकांना काहीतरी बोलले, तेव्हा तिने बटण दाबलं.

तिने वळून पाहिलं. मास्तर खडकावर बसले होते. इतक्या लांबून येऊन त्यांनी धारेकडे पाठ केली होती आणि ते लोकांची तोंडं पाहत होते. धार पहिल्यांदा दिसली की माणसाचं तोंड कसं होतं, ते. एकामागून एक माणूस वाटेवरून येत होता आणि मास्तर प्रत्येकाकडे तसंच पाहत होते, त्या रविवारपासून पाहत आल्यासारखे.

पेटीतल्या निगेटिव्हवर कोणाची तोंडं असतील, ते केतकीला तेव्हा कळलं.

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"मास्तर, ते पान मी काढून टाकते. तो फोटो सरळ करून छापला असता, तर पुस्तक हातात घेऊन लोक उजवीकडे गेले असते. मासिकाचं मुखपृष्ठ पुस्तकातही होतं तसंच राहील. उलटं. खाली फक्त गिरजाबाईंचं नाव घालते. चालेल?"

मास्तरांनी मान डोलावली. पोरं कठड्याला लटकत होती, कोणीतरी कोणाला तरी ओरडत होतं आणि धार पडत होती.

शेवटी केतकी म्हणाली, "किल्लीचं मी पुन्हा काढणार नाही. चूक तुम्हाला आधीच माहीत होती. माझा काही हक्क नाही."

मास्तरांनी सदरा वर केला आणि करदोड्याची गाठ सोडू लागले. गाठ जुनी होती, वेळ लागला.

"चूक सापडंल त्या दिवशी किल्ली तुही, असं म्हटलं होतं म्या. कोणाची चूक, ते म्हटलं होतं काय?"

केतकीने डोळे पुसले. प्रसाद घ्यायला धरतात तसा तिने उजवा हात पुढे केला.

मास्तरांनी किल्ली मुठीतच ठेवली.

"डावा."